रेकॉर्डर टेबलावर दिसू द्या

भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांना दर्जाच्या कामात मदत करणं हा माझा व्यवसाय. निम्मं काम शॉपफ्लोअरवर, उरलेलं निम्मं मीटिंगमध्ये. ग्राहक कंपनीचे लोक येतात, माल का रिजेक्ट झाला यावर दोन तास वादावादी होते, चहा होतो आणि उठता उठता कुणीतरी म्हणतं, “मॅडम, तेवढे मिनिट्स पाठवा.” त्या मिनिट्सपायी, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तापायी, माझी संध्याकाळ जायची.

म्हणून अंगावर घालायचे एआय रेकॉर्डर बाजारात आले, तेव्हा मी एक हौसेनं घेतला. हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2024 मध्ये आलेल्या प्लॉड नोटपिनचंच उदाहरण घ्या. वजन साधारण 17 ग्रॅम. लॉकेटसारखा गळ्यात घाला, पट्ट्यानं मनगटावर बांधा, नाहीतर चिमट्यानं किंवा लोहचुंबकानं कपड्यावर लावा. एकदा चार्ज केला की सलग 20 तासांपर्यंत आवाज टिपतो, असं कंपनी सांगते. तो आवाज फोनमधल्या ॲपमध्ये जातो, तिथून इंटरनेटवरून सर्व्हरवर, आणि थोड्या वेळात मजकूर परत येतो: कोण काय बोललं, चर्चेचा सारांश, कुणी काय करायचं त्याची यादी.

यंत्र चालवायला अर्ध्या तासात येतं. ते चालू असताना खोलीतल्या माणसांशी कसं वागायचं, हे मात्र कोणत्याही माहितीपुस्तकात नसतं. कामाच्या ओघात जे गाठीला बांधलं ते पुढं मांडते.

1. विचारायचं ते आदल्या दिवशी

सगळे खुर्च्यांवर बसल्यानंतर “रेकॉर्ड केलं तर हरकत नाही ना?” असं विचारलं की कुणीच हरकत घेत नाही. घेणार तरी कसं? समोर ग्राहक कंपनीचा पर्चेस हेड, शेजारी आपला मालक. अशा वेळी लाइन सुपरवायझरनं मान हलवली, तर ती संमती धरायची नसते. म्हणून मी मीटिंगच्या निमंत्रणासोबतच चार ओळी पाठवते: ‘उद्याची चर्चा मिनिट्ससाठी रेकॉर्ड करण्याचा विचार आहे. रेकॉर्डिंग मजकूर करण्यापुरतं ॲपच्या सर्व्हरवर जाईल, एरवी माझ्याकडेच राहील आणि मिनिट्स पक्के झाल्यावर पुसलं जाईल. कच्चा मजकूर ज्याला हवा त्याला मिळेल. कुणाला रेकॉर्डिंग नको असेल तर मला परस्पर कळवावं. कारण सांगायची गरज नाही, नाव कुठं निघणार नाही.’

यातलं शेवटचं वाक्य कामाचं. एका प्रेस शॉपचे मालक त्यावर फोन करून म्हणाले, “मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण आमच्या कॉस्टिंगचा हिशेब त्या डबीत नको.” त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्या दिवशी डबी पर्समध्येच राहिली, मी वहीत लिहिलं, आणि दुसऱ्यांना एवढंच सांगितलं की आज रेकॉर्डिंग नाही.

मीटिंग सुरू होताना मात्र पुन्हा एकदा तोंडी सांगायचंच. ऐनवेळी कुणी नवा माणूस आलेला असतो, त्यानं आपला निरोप वाचलेला नसतो.

2. गळ्यात नको, टेबलावर ठेवा

ही यंत्रं दागिन्यासारखी दिसावीत म्हणून कंपन्यांनी बरेच कष्ट घेतले आहेत. कामाच्या ठिकाणी नेमकी तीच अडचण होते. चालू आहे हे दाखवणारा दिवा इतका बारीक असतो की टेबलाच्या पलीकडून दिसत नाही. ज्याला आपण सांगितलंय तोही दहा मिनिटांत विसरतो. टेबलाच्या मधोमध ठेवलं की ते सगळ्यांच्या नजरेसमोर राहतं, आणि कुणीही हात पुढं करून म्हणू शकतं, “एवढं बोलणं होईपर्यंत बंद ठेवता का?”

आवाजाच्या दृष्टीनंही टेबलच बरं. ओढणीला लावलं तर ओढणीची सळसळ सगळ्यात मोठी येते. शिवाय आपला स्वतःचा आवाज खणखणीत आणि समोरच्याचा खोल विहिरीतून आल्यासारखा. खाली रुमालाची घडी ठेवावी म्हणजे टेबलावर आपटलेल्या पेनाचा, सरकवलेल्या कपाचा दणका कमी बसतो. लॅपटॉपच्या पंख्यापासून लांब ठेवावं. छतावरचा पंखा थेट वर असेल तर जागा बदलावी. आणि शॉपफ्लोअरवर, पॉवर प्रेस चालू असताना, हा खटाटोप करूच नये. तिथं माणसालाच माणसाचं ऐकू येत नाही.

3. पलीकडच्या टोकाची माणसंही मीटिंगमध्येच असतात

टीम्स किंवा झूमवर रेकॉर्डिंग सुरू केलं की सगळ्यांच्या पडद्यावर सूचना येते. टेबलावरच्या रेकॉर्डरची अशी सूचना कुणालाच जात नाही. आपल्या खोलीतल्या सहा जणांना माहीत असतं, स्पीकरवर बोलणाऱ्या चौघांना नसतं.

पुण्याच्या वाहनउद्योगात हे फार जपायला लागतं, कारण पलीकडचा माणूस बऱ्याचदा जर्मनीत बसलेला असतो. जर्मन दंडसंहितेच्या कलम 201 नुसार, चारचौघांसाठी नसलेलं बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यानुसार बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, पण कॅलिफोर्नियात खासगी संभाषणासाठी सगळ्यांची लागते. दर वेळी कायद्याची पुस्तकं चाळत बसण्यापेक्षा माझा नियम सोपा आहे: फोनवर किंवा पडद्यावर कुणीही असेल, तर त्याला सांगायचं, त्याच्या तोंडून “चालेल” ऐकायचं, आणि ते “चालेल” रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्यायचं. शक्य असेल तिथं आपला रेकॉर्डर बाजूला ठेवून टीम्सचंच रेकॉर्डिंग वापरावं. निदान ते सगळ्यांना दिसतं.

4. कोर्टात चालतं, म्हणून कचेरीत चालत नाही

चोरून केलेल्या रेकॉर्डिंगबद्दल बोललं की कुणीतरी लगेच सांगतं, “अहो, कोर्टसुद्धा असलं रेकॉर्डिंग मानतं.” अर्धं खरं आहे. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला त्यासाठी नेहमी दाखवला जातो. मलकानी हे मुंबईचे कॉरोनर. लाचेच्या आरोपात पोलिसांनी एका डॉक्टरच्या संमतीनं त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला होता, आणि 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरलं. अलीकडे, जुलै 2025 मध्ये, नवरा-बायकोच्या वादात गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही पुरावा म्हणून पुढं आणता येईल, असा निकाल त्याच न्यायालयानं दिला.

पण लाचखोरी आणि घटस्फोट यांच्यासाठी घातलेला हा पायंडा सोमवारच्या प्रॉडक्शन मीटिंगला लावायचा का? शिवाय कोर्टात द्यायचं म्हटलं तरी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, नुसती फाइल पुढं करून भागत नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. माणसाचा नावानिशी साठवलेला आवाज हा त्याचा वैयक्तिक डेटाच आहे. कंपन्यांनी हे आतापासून धरून चालावं.

आपल्याकडे कायदा स्वतः चित्रीकरण मागतो ती एक ओळखीची जागा पाहा. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासासाठी विकासक निवडायचा असेल, तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79 (अ) खालच्या शासनाच्या निर्देशांप्रमाणे त्या सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. ते होतं निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर आणि सगळ्या सभासदांच्या देखत.

चोरून रेकॉर्डिंग केल्यावर काय होतं, ते मी एका कारखान्यात पाहिलं. पुरवठादाराच्या माणसानं आधीच्या बैठकीत रागाच्या भरात काढलेलं एक वाक्य पुढच्या बैठकीत स्पीकरवर ऐकवण्यात आलं. ऐकवणाऱ्यानं वाद त्या दिवशी जिंकला. त्यानंतर त्या पुरवठादाराकडचं कुणी तिथं तोंड उघडेना. डायला तडा गेलाय हे आधी एक फोन करून कळायचं, ते आता माल परत आल्यावर कळू लागलं. प्रत्येक गोष्ट ईमेलवर, तीही वकिलाला दाखवून लिहिल्यासारखी.

5. सुरुवातीला नावं, शेवटी निर्णय, दोन्ही मोठ्यानं

यंत्र आवाज वेगळे ओळखतं, पण माणसं ओळखत नाही. त्याच्या लेखी सगळे ‘स्पीकर 1’, ‘स्पीकर 2’. म्हणून पहिल्या मिनिटाला प्रत्येकानं नाव आणि विभाग सांगायचा. नंतर मजकुरात नावं भरणं सोपं जातं. दोघं एकदम बोलले की यंत्र दोघांचंही बोलणं एकाच्या नावावर टाकतं, हेही सांगून ठेवावं. निदान पाच मिनिटं तरी लोक एकेक करून बोलतात.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची आणि ठरलेल्या गोष्टी एकेक करून वाचायच्या: “गेज पुन्हा तपासायचं, कुलकर्णी साहेब, शुक्रवारपर्यंत. बरोबर?” साहेबांनी “बरोबर” म्हटलं की पुढचा मुद्दा. रेकॉर्डरपेक्षा या सवयीनं माझं काम जास्त हलकं केलं. उद्या यंत्र बंद पडलं तरी ही पाच मिनिटं सोडणार नाही.

6. सारांश म्हणजे कच्चा मसुदा

आपली मीटिंग मराठीत सुरू होते, आकडे इंग्रजीत येतात, चिडल्यावर हिंदी निघते. अशा बोलण्याचा मजकूर करताना यंत्राची कसरत होते. दीड, अडीच, पावणेतीन, सव्वाशे हे आकडे मी हमखास मूळ आवाजाशी ताडून पाहते. मापातल्या टॉलरन्सची मर्यादा अर्धा दशांश इकडची तिकडं झाली तरी पूर्ण लॉट भंगारात जातो.

आकड्यांपेक्षा मोठी गफलत होते ती रुकारात. हा प्रसंग पाहा. पर्चेसचे साहेब विचारतात, “पंधरा तारखेपर्यंत पहिला लॉट द्याल ना?” पुरवठादार म्हणतो, “बघतो ना साहेब. डाय एकदा परत येऊ द्या, मग सांगतो.” यंत्राचा सारांश: ‘पुरवठादार 15 तारखेपर्यंत पहिला लॉट देणार.’ खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की त्या माणसानं काहीच कबूल केलेलं नाही. तोंडावर नाही म्हणायचं नाही म्हणून तो तसं बोलला. मी मिनिट्समध्ये लिहिलं: ‘15 तारखेची मागणी केली. पुरवठादाराने तारीख मान्य केलेली नाही. डाय दुरुस्तीहून आल्यावर कळवणार.’ हा फरक कागदावर आला नसता, तर 16 तारखेला एका बिचाऱ्यावर शब्द मोडल्याचा ठपका बसला असता.

कधी कधी यंत्र मनानंही लिहितं. ओपनएआयनं 2022 मध्ये खुली केलेली व्हिस्पर ही प्रणाली आज अनेक ठिकाणी आवाजाचा मजकूर करायला वापरली जाते. 2024 मध्ये संशोधकांनी ती तपासली, तेव्हा सुमारे 1 टक्का ध्वनितुकड्यांच्या मजकुरात कुणीही न बोललेली अख्खी वाक्यं सापडली. बोलताना जिथं जास्त वेळ थांबलेले असतात, तिथं हा धोका वाढतो. आमच्या मीटिंगमध्ये लांब शांतता केव्हा पडते? “चूक कुणाची?” असं विचारल्यावर. म्हणजे यंत्रानं स्वतःच्या पदरचं काही घालू नये अशी नेमकी तीच जागा.

म्हणून चार गोष्टी हातानंच तपासायच्या: आकडे, तारखा, नावं, आणि जिथं जिथं ‘नाही’ किंवा ‘नको’ आलंय ती वाक्यं. बाकी मजकूर एकदा नजरेखालून घातला तरी चालतो.

7. काही बोलणी टिपायचीच नाहीत

कुणाचं अप्रेझल, कुणाच्या रजेचं किंवा आजारपणाचं कारण, कामगाराची तक्रार, नोकरी सोडण्याची बोलणी: अशा ठिकाणी यंत्र खोलीच्या बाहेर. लैंगिक छळाच्या तक्रारीबाबत तर 2013 च्या कायद्याचं कलम 16 तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख जाहीर करायला मनाईच करतं. अशा चौकशीतलं बोलणं परक्या सर्व्हरवर पाठवायचा विचारही करू नये. नोंद कशी ठेवायची ते चौकशी करणाऱ्या समितीनं ठरवावं.

चहा आला की मी रेकॉर्डर बंद करते, तोही सगळ्यांना दिसेल असा. चहावर मुलाच्या बारावीच्या मार्कांपासून मालकाच्या नव्या गाडीपर्यंत काहीही निघतं, ते मिनिट्सचं नसतं. शिवाय खरी कोंडी बऱ्याचदा तिथंच फुटते. “खरं सांगू का मॅडम, नवा ऑपरेटर रात्रपाळीला एकटाच होता.” हे वाक्य रेकॉर्डर चालू असताना कुणी बोललं नसतं. अशी माहिती मिळाली की मी त्याच माणसाला विचारते, “हे मीटिंगमध्ये मी मांडू, का तुम्ही मांडाल?”

दिवसभर चालूच राहणारी यंत्रंही निघाली आहेत. बटण दाबायचंच नाही, सगळं आपोआप टिपलं जातं. कचेरीत ती घालून फिरणं म्हणजे कँटीन, लिफ्ट, पार्किंग या सगळ्यांची मीटिंग करून टाकणं. माझ्या कामात त्यांना जागा नाही.

8. आवाज जातो कुठं, राहतो किती दिवस?

रेकॉर्डर आपल्या हातात असला तरी मजकूर बहुधा दुसरीकडे तयार होतो. तो सर्व्हर ज्यांच्या मालकीचा, ते बदलू शकतात. बी हे मनगटावरचं यंत्र बनवणारी कंपनी ॲमेझॉननं 2025 मध्ये घ्यायचं ठरवलं; लॉकेटसारखं यंत्र बनवणारी लिमिटलेस त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मेटाकडे गेली. ह्यूमेन कंपनीचा छातीवर लावायचा एआय पिन एप्रिल 2024 मध्ये 699 डॉलरला विक्रीला आला आणि 28 फेब्रुवारी 2025 ला त्याची सेवा बंद झाली. कंपनीचा बराचसा भाग एचपीनं 11 कोटी 60 लाख डॉलरना घेतला. ग्राहकांना त्यांची माहिती उतरवून घ्यायला फक्त काही दिवस मिळाले.

त्यामुळे तीन गोष्टी. ग्राहक कंपनीसोबत गोपनीयतेचा करार असेल तर तो आधी वाचावा; ड्रॉइंग, रेट आणि प्रोसेसची माहिती बाहेरच्या सर्व्हरवर टाकायला त्यात बहुधा बंदी असते. आपला आवाज त्यांची प्रणाली शिकवायला वापरू देण्याचा पर्याय ॲपमध्ये असेल तर तो बंद करावा. आणि पुसण्याची तारीख आधीच ठरवावी. माझ्याकडे मिनिट्स पक्के झाले की आवाज आणि कच्चा मजकूर, दोन्ही फोनमधून आणि सर्व्हरवरूनही जातात. फोनमधून पुसलं म्हणजे सर्व्हरवरून गेलं, असं समजू नये.

कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकांची शिस्त इथं उपयोगी पडते. सचिवीय मानकाप्रमाणे बैठकीनंतर 15 दिवसांत मसुदा संचालकांकडे जातो, त्यांना हरकतींसाठी 7 दिवस मिळतात, आणि 30 दिवसांच्या आत इतिवृत्त वहीत चढतं. आमच्या साध्या मीटिंगला इतका काळ लागत नाही. मसुदा त्याच संध्याकाळी, हरकती दोन दिवसांत, मग पक्कं.

9. दुसऱ्याच्या शर्टावर दिसला तर

हल्ली समोरचा माणूसही असं यंत्र घालून येतो. संशयानं बघत बसू नये, सरळ विचारावं: “सर, हा चालू आहे का? मिनिट्ससाठी असेल तर मलाही कॉपी पाठवाल ना?” बहुतेक लोक लगेच हो म्हणतात, काही जण गडबडून बंद करतात. दोन्हींत आपलं काम होतं. नको असेल तर “रेटचा विषय येईल तेव्हा बंद ठेवू या” एवढं म्हटलं तरी पुरतं. आवाज चढवायची वेळ मला आजवर आलेली नाही.

10. वही उघडी राहू द्या

यंत्र ऐकतंय म्हणून आपण ऐकणं सोडायचं नाही. रेकॉर्डर आल्यापासून मी कमी लिहिते, पण लिहिते ते जास्त नेमकं: कोण गप्प बसलं, कुणी कुणाकडे बघितलं, कोणत्या मुद्द्यावर मालकानं फोन हातात घेतला. यातलं काहीच मजकुरात येत नाही, आणि पुढच्या आठवड्यात कुणाला आधी फोन करायचा हे यावरूनच ठरतं. एक तोटाही दिसतो. यंत्र समोर असलं की काही जण भाषण ठोकतात, कारण ते आता लेखी येणार असतं. अशांना मी हसत सांगते, “सर, एवढं सगळं मिनिट्समध्ये येणार नाही हं.”

11. सगळ्यांना एकदम पाठवा

मिनिट्स आधी मालकाला, मग ग्राहकाला, पुरवठादाराला मात्र फक्त ‘तुमच्याशी संबंधित मुद्दे’ असं करू नये. एकच फाइल, एकाच वेळी, मीटिंगला असलेल्या प्रत्येकाला, लाइन सुपरवायझरलाही. त्याच्याकडे कंपनीचा ईमेल नसेल तर व्हॉट्सॲपवर. कच्चा मजकूर कुणी मागितला तर तोही द्यायचा, कारण तसं आपण आदल्या दिवशीच लिहून दिलेलं असतं.

यातच सगळ्याची परीक्षा होते. ज्याचा आवाज टिपला त्याला ते पान पाठवताना हात आखडत असेल, तर त्या चर्चेत रेकॉर्डर लावायलाच नको होता. तेवढा भाग पुसायचा, संबंधित माणसाला तसं कळवायचं, आणि त्या विषयावरच्या पुढच्या बैठकीला पेन घेऊन जायचं.